भरवशाचे इंजिन

3 जुलै 1938 रोजी इंग्लंडमध्ये, लिंकनशरमधल्या स्टोक बँक नावाच्या उतारावर, 'मॅलर्ड' या वाफेच्या इंजिनाने ताशी 126 मैलांचा, म्हणजे सुमारे 203 किलोमीटरांचा वेग गाठला. वाफेच्या इंजिनांचा हा विक्रम आजही अबाधित आहे. विक्रमाची ही ओळ सर्वांना पाठ असते. तिच्या पुढची ओळ फारशी कोणी सांगत नाही. त्याच धावेत मॅलर्डच्या मधल्या सिलिंडरच्या जोडदांड्याचे बेअरिंग तापून निकामी झाले. विक्रमवीर इंजिन कसेबसे पीटरबरोपर्यंत आले आणि तिथून पुढे लंडनला गाडी न्यायला एक जुने इंजिन जोडावे लागले.

त्याच 1938 साली लिव्हरपूलच्या मेकॅनो कंपनीने 'हॉर्नबी डब्लो' ही टेबलावर मांडता येईल अशी छोटी आगगाडी बाजारात आणली. तिच्यातले मानाचे इंजिन होते 'सर नायजेल ग्रेस्ली', म्हणजे मॅलर्डच्याच जातीचे, ए-4 वर्गातले. ओतीव धातूचे जड शरीर, गुळगुळीत निळा रंग. मुलाने हातात घेतले की खाली ठेवू नये असे. पण या युद्धपूर्व इंजिनांपैकी कित्येकांची चाके आणि आतले ओतीव ठोकळे पुढे आपोआप फुगले, तडकले आणि भुगा होऊन गळून पडले. कोणी आपटले नव्हते, कोणी वापरलेही नव्हते. कपाटात ठेवल्या जागी ती मेली.

मोठे इंजिन वेगाच्या हव्यासापायी थकले, छोटे इंजिन ज्या धातूचे होते त्या धातूनेच दगा दिला. गेली काही वर्षे अशी जुनी छोटी इंजिने उघडून पाहण्याचा आणि जमल्यास चालती करण्याचा मला नाद आहे. त्या नादातून एक प्रश्न पुनःपुन्हा समोर येत गेला. इंजिनाचा दर्जा आणि इंजिनाचा भरवसा या दोन गोष्टी आपण एकाच दमात उच्चारतो. पण छोट्या आगगाडीच्या दीडशे-पावणेदोनशे वर्षांच्या इतिहासात त्या एकमेकींच्या हातात हात घालून चालल्या आहेत का? माझे उत्तर असे आहे की फार थोडा काळ. बहुतेक वेळा एकीने दुसरीच्या वाट्याचे खाल्ले आहे. ते कसे, हे या लेखात मांडायचे आहे.

गळक्या इंजिनांचा काळ

खेळण्यातले वाफेचे इंजिन हे खऱ्या इंजिनाच्या पाठोपाठच आले. 1840 नंतर इंग्लंडमध्ये पितळी इंजिने विकली जाऊ लागली. त्यांना रूळ नसत. दिवाणखान्याच्या जमिनीवर ती सोडून द्यायची. पुढची चाके किंचित तिरपी बसवलेली असल्यामुळे ती गोल गोल फिरत. खाली स्पिरिटचा दिवा, वर पितळेचा बॉयलर आणि बाजूला दोन सिलिंडर. चालताना ती पाण्याची रेघ मागे सोडत जात, म्हणून लोकांनी त्यांना नाव दिले 'बर्मिंगहॅम ड्रिबलर', म्हणजे लाळगळी. घरातल्या बायकांचा या इंजिनावर राग असणार यात नवल नाही. खुर्चीच्या पायाला धडकून ते कलंडले की पेटते स्पिरिट थेट गालिच्यावर.

दिसायला ही इंजिने ओबडधोबड होती. कुठल्याही खऱ्या इंजिनाशी त्यांचे साम्य बेताचेच. पण त्यांच्या यंत्रात एक मोठी शहाणीव होती. खऱ्या इंजिनात सिलिंडर स्थिर असतो आणि वाफ आत-बाहेर सोडायला वेगळी झडप असते. या खेळण्यात सिलिंडरच एका खिळ्याभोवती डुलतो. डुलताना त्याचे छिद्र एकदा वाफेच्या छिद्रासमोर येते, एकदा बाहेर जाणाऱ्या वाटेसमोर. झडप नाही, तिच्या दांड्या नाहीत, जुळवणी नाही. सिलिंडरला एक स्प्रिंग दाबून धरते. वाफेचा दाब फार वाढला तर सिलिंडर स्प्रिंगला न जुमानता किंचित उचलला जातो आणि जादा वाफ निसटते. मोजके भाग, म्हणून बिघडायच्या जागाही मोजक्या. आज दीडशे वर्षांनीही नीट जपलेले असे इंजिन पाणी, तेल आणि स्पिरिट मिळताच चालू लागते. दर्जाच्या आजच्या कसोटीवर ते नापास होईल. भरवशाच्या कसोटीवर पहिल्या वर्गात येईल.

निसर्ग लहान होत नाही

मग खऱ्यासारखे दिसणारे आणि खऱ्यासारखेच वाफेवर चालणारे इंजिन का करू नये? इथे भूमिती आडवी येते. 1:76 या प्रमाणात इंजिन लहान केले की त्याची लांबी 76 पटीने कमी होते, पृष्ठभाग 5,776 पटीने आणि घनफळ जवळजवळ 4,39,000 पटीने. म्हणजे बॉयलरमधल्या पाण्याच्या मानाने बॉयलरची कातडी 76 पट जास्त होते. मोठ्या पातेल्यातले दूध तासभर कोमट राहते आणि वाटीतले पाच मिनिटांत निवते, तोच प्रकार. छोटा बॉयलर उष्णता करण्यापेक्षा गमावण्यात तरबेज असतो.

या प्रश्नावर इंग्लंडमध्ये एक गाजलेले भांडण झाले. 1898 मध्ये पर्सिव्हल मार्शल यांनी 'मॉडेल इंजिनिअर' हे नियतकालिक सुरू केले होते. 1920 च्या दशकाच्या सुरुवातीला त्याच्या पानांवर एक वाद पेटला, त्याला पुढे 'बॉयलरांची लढाई' असेच नाव पडले. प्रस्थापितांचे म्हणणे असे, की छोट्या इंजिनाला स्पिरिटचा दिवाच योग्य. कोळसा जाळून एवढ्याशा बॉयलरमध्ये पुरेशी वाफ होणे शक्य नाही. विरुद्ध बाजूला होता एल.बी.एस.सी. या टोपणनावाने लिहिणारा कर्ली लॉरेन्स. हे टोपणनाव त्याने लंडन-ब्राइटन रेल्वेच्या आद्याक्षरांवरून घेतले होते. त्याचे 'आयेशा' हे इंजिन केवळ अडीच इंच रुंदीच्या रुळांवर चालणारे. पण त्यात खराखुरा कोळसा जळत असे आणि ते मोठ्या माणसाला बसवलेला डबा ओढून नेई. वाद शब्दांनी मिटला नाही, रुळावर मिटला.

लॉरेन्सच्या यशाचे मर्म मला महत्त्वाचे वाटते. त्याने खऱ्या इंजिनाची हुबेहूब नक्कल केली नाही. बॉयलरमधल्या नळ्या प्रमाणात लहान केल्या असत्या तर त्या सुईइतक्या बारीक होऊन काजळीने बुजल्या असत्या. म्हणून त्याने त्या थोड्याच, पण जाड ठेवल्या. जिथे निसर्ग लहान व्हायला तयार नव्हता तिथे त्याने नक्कल सोडली आणि यंत्राची बाजू घेतली. भरवसा हा असा बेइमानीच्या हिशेबातून येतो, हे छोट्या इंजिनांच्या इतिहासातले पहिले सूत्र.

चावीची गाडी

घरोघरी मात्र कोळसाही गेला नाही आणि स्पिरिटही फार काळ टिकले नाही. तिथे राज्य केले चावीने. जर्मनीत ग्योपिंगन गावात 1859 पासून मेर्क्लिन घराणे बाहुलीच्या घरातली पत्र्याची भांडी बनवत असे. 1891 मध्ये लाइपझिगच्या जत्रेत त्यांनी चावीची आगगाडी मांडली, तीही रुळांसकट. रूळ वाढवता येतील, नंतर आणखी सांधे विकत घेता येतील आणि रुळांची रुंदी ठरलेली असेल, ही त्यातली खरी क्लृप्ती. बाहुल्यांच्या भातुकलीचे धंद्याचे गणित त्यांनी मुलग्यांच्या खेळात आणले.

न्यूरेंबर्गच्या बिंग कंपनीने हेच काम प्रचंड प्रमाणावर केले. 1900 च्या पॅरिस प्रदर्शनात नॉर्दम्प्टनच्या बॅसेट-लोक यांची स्टीफन बिंगशी गाठ पडली आणि त्यानंतर इंग्रजी इंजिनांच्या प्रतिकृती जर्मन कारखान्यात बनून इंग्लंडमध्ये विकल्या जाऊ लागल्या. पहिले महायुद्ध झाले, जर्मन माल नकोसा झाला, आणि 1920 मध्ये फ्रँक हॉर्नबी यांनी आपल्या चावीच्या गाड्या आणल्या. मेकॅनोचा जनक असलेल्या या माणसाने पहिली इंजिने नट-बोल्टने जोडलेली केली होती. मुलाने ती सुटी करावीत, पुन्हा जोडावीत, हा त्यामागचा हेतू.

पत्र्याच्या चावीच्या इंजिनात दर्जा आणि भरवसा क्वचितच भांडताना दिसतात, कारण दर्जाच्या अपेक्षाच माफक होत्या. रिव्हेट रंगाने काढलेले, खिडक्या छापलेल्या. पण स्प्रिंग पोलादाची, दातेरी चाके पितळेची आणि सगळा पसारा डोळ्यांना दिसणारा. अशा इंजिनाचा बिघाड बहुधा तीनच प्रकारचा असतो: तेल वाळलेले, स्प्रिंग आकड्यातून निसटलेली किंवा कोणीतरी चावी अति पिळलेली. तिन्हींवर घरचा उपाय चालतो.

ग्वाल्हेरच्या टेबलावरची गाडी

छोट्या आगगाडीची सर्वांत श्रीमंत आवृत्ती मराठी राजघराण्यात निघावी हा योगायोग गमतीचा आहे. ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांना खऱ्या आणि छोट्या, दोन्ही रेल्वेंचा षोक. जयविलास राजवाड्यातल्या भोजनाच्या टेबलावर त्यांनी चांदीची, विजेवर चालणारी आगगाडी बसवली. डब्यांवर 'शिंदिया' या नावाची इंग्रजी अक्षरे, डब्यांत मद्याच्या सुरया आणि सिगार. पाहुण्याने सुरई उचलली की गाडी थांबते, परत ठेवली की पुढे जाते.

या गाडीची एक कथा सांगितली जाते. व्हाइसरॉयसाठी दिलेल्या मेजवानीत तिच्या विजेच्या जोडणीत बिघाड झाला, गाडी सुसाट सुटली आणि निवडक पाहुण्यांच्या उंची कपड्यांवर रस्सा आणि मद्य शिंपडत टेबलाला प्रदक्षिणा घालत राहिली. कथेत तिखटमीठ किती हा प्रश्न सोडून दिला तरी तिच्यात यंत्राचे एक सत्य आहे. चावीचे इंजिन बिघडले की थांबते. विजेचे बिघडले की काय करील याचा नेम नाही. आणि चांदीचे असल्याने त्यात काहीच फरक पडत नाही.

मोटारीसाठी फुगवलेले अंग

विजेच्या इंजिनाची पुढची अडचण जागेची होती. युरोपात टेबलावरच्या गाड्यांसाठी 16.5 मिलिमीटर रुंदीचे रूळ रूढ झाले, आणि त्यांना जुळणारे प्रमाण 1:87. पण इंग्रजी इंजिने मुळातच युरोपीय इंजिनांपेक्षा अंगाने बारीक. 1:87 या प्रमाणात त्यांच्या पोटात त्या काळची मोटार मावेना. तेव्हा इंग्रजांनी रूळ तेच ठेवले आणि वरचे इंजिन 1:76 इतके मोठे केले. यालाच 'डबल ओ' म्हणतात. परिणामी आजही ब्रिटिश छोट्या गाड्या प्रमाणापेक्षा अरुंद रुळांवर धावतात. 4 फूट साडेआठ इंचांची वाट त्यांच्या हिशेबाने जेमतेम 4 फूट दीड इंचांची होते. शुद्धतावाद्यांना हे अजून टोचते. मला मात्र त्यात लॉरेन्सचेच सूत्र दिसते: चालायला हवे म्हणून दिसण्यात केलेली तडजोड.

विजेच्या इंजिनाला आणखी एक शत्रू असतो, धूळ. ए-4 इंजिनाचे खरे वजन सुमारे 103 टन. घनफळाच्या प्रमाणात लहान केले तर ते पाव किलोच्याही आत येते. एवढ्याशा वजनाने चाक रुळाला टेकणार आणि त्या टेकण्यातून वीज घेणार. इंजिन लहान होते, पण धुळीचा कण तेवढाच राहतो. खऱ्या चाकाखाली तो चिरडला जातो. छोट्या चाकाखाली तोच धोंडा होऊन वीज अडवतो. म्हणून वजन हा छोट्या इंजिनाचा प्राण आहे. 1938 च्या हॉर्नबी डब्लोने ओतीव धातूचे शरीर निवडले त्याला हे यांत्रिक कारणही होते.

आणि तिथेच घात झाला. हा धातू म्हणजे जस्ताचा मिश्रधातू. इंग्लंडमध्ये त्याला 'मॅझॅक' म्हणत. अमेरिकेतल्या न्यू जर्सी झिंक कंपनीने 1929 मध्ये तो सिद्ध केला, आणि त्यासाठी जवळजवळ निर्भेळ जस्त लागते हेही तेव्हाच कळलेले होते. त्यात शिशाचा किंवा कथलाचा अगदी नगण्य अंश गेला, तरी दमट हवेत धातूचे कण जिथे एकमेकांना चिकटतात तिथून आतल्या आत गंज सुरू होतो. ओतलेली वस्तू चकचकीत दिसते, कारखान्यातून निघते, दुकानात विकली जाते. दहा-वीस वर्षांनी ती वाकते, फुगते, तिच्यावर जाळीदार भेगा पडतात. यावर औषध नाही. 'नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा' ही म्हण मला अशी इंजिने पाहताना आठवते. फक्त इथे कथलाचा वाळा हातात नसतो, रक्तात असतो.

पेचकसाचे युग आणि त्याचा अंत

युद्धानंतर 1950 मध्ये, पुढे ट्राय-अँगच्या छत्राखाली गेलेल्या रोव्हेक्सने प्लास्टिकचे 'प्रिन्सेस एलिझाबेथ' हे इंजिन आणले. डब्लोच्या चाहत्यांनी नाके मुरडली. प्लास्टिकची चमक स्वस्त होती, चाके जाडजूड होती, जोडदांडे बेढब होते. पण त्या घराण्यातली पुढे रूढ झालेली 'एक्स-04' ही मोटार म्हणजे साधेपणाचा वस्तुपाठ. उघडी चौकट, मध्ये चुंबक, एका तारेच्या स्प्रिंगने दाबलेले दोन ब्रश. ब्रश झिजले तर पाच मिनिटांत बदला. चुंबक दुबळे झाले तर नवे घाला. वर्षानुवर्षे तीच मोटार निरनिराळ्या इंजिनांत बसत राहिली, म्हणून सुटे भागही सर्वत्र मिळत. आज सत्तर वर्षांनी या मोटारी धूळ झटकून, तेलाचा थेंब देऊन चालू होतात. माझ्या टेबलावर आलेल्या इंजिनांत सर्वांत कमी त्रास याच कुळातल्या इंजिनांनी दिला आहे.

पुढे ग्राहक बदलला. 1970 च्या दशकात मूल हळूहळू बाजूला झाले आणि त्याचे वडील गिऱ्हाईक झाले. वडिलांना गाडी पळवण्यापेक्षा न्याहाळायची होती. 1976 मध्ये पॅलिटॉय कंपनीने 'मेनलाइन' या नावाने हाँगकाँगमध्ये बनलेली इंजिने आणली. त्यांचे बाह्यरूप त्या काळच्या मानाने अप्रतिम होते. सांगाडा मात्र उभा चिरलेला, दोन धातूच्या अर्धांचा. एका अर्धातून एका बाजूच्या चाकांची वीज, दुसऱ्यातून दुसऱ्या. दोन्ही बाजू एकत्र येऊ नयेत म्हणून आसाच्या मध्यात प्लास्टिकचा तुकडा. वाफेच्या इंजिनाच्या डाव्या आणि उजव्या चाकांचे क्रँक एकमेकांशी काटकोनात असावे लागतात. तो प्लास्टिकचा तुकडा तडकला की काटकोन बिघडतो, जोडदांडे अडकतात आणि देखणे इंजिन लंगडू लागते. युक्ती कागदावर हुशारीची होती. तिचे सगळे ओझे तिच्यातल्या सर्वांत दुबळ्या भागावर होते.

त्याच सुमाराला हॉर्नबीने मोटार इंजिनातून काढून मागच्या कोळशाच्या गाडीत, म्हणजे टेंडरमध्ये घातली. आता टेंडर इंजिनाला ढकलत नेऊ लागले. घोड्याला गाडीमागे जुंपण्याचाच हा प्रकार. घसरू नये म्हणून चाकांना रबराची कडी घालावी लागली, आणि रबराचे चाक वीज घेत नाही.

चीनमधले देखणे वैभव

1990 च्या दशकात ब्रिटिश छोट्या गाड्यांचे उत्पादन चीनला गेले आणि रूप पालटले. 2000 मध्ये आलेले हॉर्नबीचे 'मर्चंट नेव्ही' हे इंजिन अनेकांना नव्या युगाची नांदी वाटले. मोटार पुन्हा इंजिनात आली, तीही बंद डबीतली, शांत आणि संथ चालणारी. हातकठडे तारेचे, पाइप वेगळे बसवलेले. एवढे तपशील पूर्वी हौशी कारागिराला महिनोन्महिने खपून करावे लागत. ही प्रगती खोटी नाही; नव्या इंजिनांइतके मंद आणि सुरळीत चालणे जुन्यांना कधी जमले नाही.

पण बंद डबी उघडत नाही. बारीक पाइप धरायला बोट कुठे ठेवावे कळत नाही. उत्पादन थोड्या संख्येने, एकदाच होते. भाग संपले की संपले. आणि जस्ताचा तो जुना रोग नव्या शतकातल्या काही इंजिनांतही परतला आहे. सत्तर वर्षांपूर्वी कळलेली गोष्ट कारखाना बदलला की पुन्हा शिकावी लागते, याहून उद्वेगजनक काय असेल? ज्ञान पुस्तकात राहते. शिस्त भट्टीजवळच्या माणसाबरोबर जाते.

2003 मध्ये हॉर्नबीने एक धाडस केले: डबल ओ मापात खरोखर वाफेवर चालणारे 'मॅलर्ड'. टेंडरमध्ये चिमुकला बॉयलर, त्यातले ऊर्ध्वपातित पाणी रुळांतून आलेल्या विजेने तापायचे आणि वाफ पुढच्या सिलिंडरांत जायची. आग बाहेर ठेवून भूमितीला दिलेली ही बगल कौतुकाचीच. पण वाफेचे इंजिन वाफेचे वागते. तापायला वेळ घेते, पाणी संपवते, वळणावर वेग सांभाळावा लागतो. बटण दाबून गाडी चालवायची सवय झालेल्यांना ते लहरी वाटले. मला ते प्रामाणिक वाटते.

कसोटी

पुण्यात कोथरूडला भाऊ जोशी यांनी उभारलेले छोट्या रेल्वेचे संग्रहालय 1998 पासून लोकांसाठी खुले आहे. तिथल्या गाड्या रोज चालतात याचे मुलांना काही वाटत नाही. मला सर्वांत जास्त तेच वाटते. काचेच्या कपाटातले इंजिन कधीच बिघडत नाही. रोज चालणाऱ्या इंजिनामागे रोज कोणीतरी रूळ पुसलेले असतात, ब्रश पाहिलेले असतात, तेलाचा थेंब दिलेला असतो. भरवसा हा इंजिनाचा जन्मजात गुण असतो असे आपण मानतो. तो अर्धा इंजिनाचा आणि अर्धा माणसाचा असतो. इंजिन घडवणाऱ्याने माणसाचा हात आत जाण्यापुरती जागा ठेवली आहे की नाही, एवढेच पाहायचे.

म्हणून जुने ते सोने आणि नवे ते फोल, असा निवाडा मी देणार नाही. 1938 चे सोने भुगा झालेले मी पाहिले आहे. माझी कसोटी वेगळी आहे. इंजिन हातात घेतल्यावर मी त्याची चिमणी आणि रंग पाहण्याआधी ते उलटे करतो आणि स्क्रू शोधतो. स्क्रू दिसला, तर घडवणाऱ्याने कबूल केलेले असते की हे कधीतरी बिघडेल आणि तेव्हा कोणीतरी ते दुरुस्त करील. हे कबूल करणारी इंजिनेच नातवंडांपर्यंत पोचली आहेत.